जात्यावरच्या ओव्या (ध्वनिसंग्रह प्रकल्प)

जात्यावरच्या ओव्या हा महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांनी दळताना गायिलेल्या ओव्यांचे संकलन, लेखन, वर्गीकरण आणि ध्वनिमुद्रण करणारा प्रकल्प आहे. इंग्रजीत तो 'ग्राइंडमिल साँग्ज प्रोजेक्ट' या नावाने ओळखला जातो. सामाजिक कार्यकर्ते व अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातील 'सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' या संस्थेमार्फत १९८०च्या दशकात या कामाला आरंभ केला. सुमारे २० वर्षांत राज्यातील १,००० हून अधिक गावांमधून १,१०,००० पेक्षा जास्त ओव्या गोळा झाल्या. १९९०च्या दशकात फ्रेंच संगणकीय संगीतशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल यांच्या सहभागामुळे या लिखित संग्रहाला १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची जोड मिळाली. २०१६ पासून हा प्रकल्प 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' (पारी) या संस्थेकडे आहे.

विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या गावोगावी आल्यानंतर घरोघरचे जाते थांबले आणि ओवी गाण्याचा रोजचा प्रसंगच नाहीसा झाला. त्यामुळे ज्यांनी आयुष्याचा काही काळ जात्यावर घालवला, अशा स्त्रियांच्या अखेरच्या पिढ्यांचा आवाज या संग्रहात जतन झाला आहे.

## पार्श्वभूमी

### जाते आणि दळण

जाते हे दगडाच्या दोन गोल तळ्यांचे धान्य दळण्याचे साधन आहे. खालची तळी स्थिर असते. वरची तळी लाकडी खुंट्याला धरून फिरवली जाते आणि तिच्या मधल्या तोंडातून धान्याचा घास घातला जातो. दगड गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही, म्हणून जात्याला अधूनमधून टाकी लावून घ्यावी लागते. कुटुंबाला दिवसभर पुरेल एवढे ज्वारी, बाजरी किंवा नाचणीचे दळण पहाटे, घर जागे होण्यापूर्वी दळण्याची पद्धत होती. हे काम एकटी स्त्री करी किंवा सासू-सून, नणंद-भावजय, जावा-जावा अशा दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावत.

श्रमाचा हा वेळ स्त्रीच्या दिवसातील मोजक्या मोकळ्या वेळांपैकी एक होता. पुरुषमंडळी झोपलेली असत आणि जात्याच्या घरघरीत शब्द झाकले जात. घरात एरवी बोलता न येणारे सासुरवासाचे दुःख, माहेरची ओढ, नवऱ्याविषयीचा राग किंवा मुलाविषयीचे कौतुक ओवीतून मांडता येई. 'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण काम आणि काव्य यांच्या याच नात्यावर आधारलेली आहे.

### ओवीची परंपरा

महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या 'मानसोल्लास' (इ.स. ११२९) या संस्कृत ग्रंथात आढळतो. पुढे संतकवींनी या लोकछंदाला ग्रंथरचनेत स्थान दिले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) ज्ञानेश्वरांनी सांगितलेली 'ज्ञानेश्वरी' ओवीबद्ध आहे. ज्ञानेश्वरांनी ती निरूपण म्हणून सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, अशी परंपरा आहे. मुखातून आलेली ओवी दुसऱ्याने टिपून ठेवण्याची प्रथा अशी जुनी आहे. संत जनाबाई दळत असताना विठ्ठल तिच्यासोबत जात्याला हात लावतो, ही कथाही वारकरी परंपरेत रूढ असून जात्यावरच्या ओव्यांत तिचे उल्लेख वारंवार येतात.

ग्रंथातील ओवी आणि जात्यावरची ओवी यांत फरक आहे. जात्यावरची ओवी संग्रहांत बहुधा दोन ओळींत लिहिली जाते. ती स्वतंत्र असते, तरी एका विषयावरच्या अनेक ओव्या एकापाठोपाठ गुंफून गायिल्या जातात. गाताना शब्दांची पुनरावृत्ती होते, ओळ मध्येच तोडली जाते, 'बाई', 'गं' यांसारखी संबोधने भरली जातात आणि दोघी गात असल्यास एकीने म्हटलेले दुसरी उचलून धरते. ज्या चालीवर ओवी गायिली जाते, तिला स्त्रिया 'गळा' म्हणतात. एकच ओवी वेगवेगळ्या गळ्यांवर गायिली जाऊ शकते. कागदावर उतरवलेल्या दोन ओळींतून यांपैकी फारच थोडे कळते. म्हणूनच या परंपरेच्या जतनात ध्वनिमुद्रणाला विशेष महत्त्व आहे.

### पूर्वीचे संग्रह

स्त्रियांच्या ओव्या लिहून ठेवण्याचे प्रयत्न या प्रकल्पाच्या आधीही झाले होते. साने गुरुजींचा 'स्त्रीजीवन' हा ओव्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. कमलाबाई देशपांडे यांनी 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते' या ग्रंथात स्त्रीगीतांचा विचार केला. ना. गो. नांदापूरकर यांनी मराठवाड्यातील स्त्रियांच्या रामकथेवरील ओव्या संकलित केल्या, तर सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून लोकगीतांचे अनेक खंड प्रसिद्ध केले.

या संग्रहांनी मोठा ठेवा वाचवला. मात्र त्यांत सामान्यतः गीत महत्त्वाचे मानले गेले, गाणारी नव्हे. ओवी ही 'लोकांची' म्हणजे कर्ता नसलेली रचना समजली जाई. खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण या संदर्भात उल्लेखनीय आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करताना त्यांनी रचलेली गाणी त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी आणि अन्य आप्तांनी लिहून ठेवल्यामुळे त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' या नावाने प्रकाशित होऊ शकली. घरात टिपून घेणारे कोणी नसलेल्या स्त्रियांच्या रचना मात्र त्यांच्याबरोबरच संपल्या किंवा निनावी झाल्या.

## प्रकल्पाचा आरंभ

गी प्वातवाँ (१९३४–२००४) यांचा जन्म फ्रान्समध्ये झाला. १९७२ मध्ये ते पुण्यात आले आणि पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, विशेषतः मुळशी तालुक्यात, गरीब शेतकरी व भूमिहीन कुटुंबांत काम केले. या भागातील 'गरीब डोंगरी संघटना' या संघटनेशी त्यांचा निकटचा संबंध होता.

ग्रामीण स्त्रियांच्या बैठकांत स्वतःविषयी बोलण्यास संकोचणाऱ्या स्त्रिया ओव्यांचा आधार घेतल्यावर मोकळेपणाने बोलतात, हे कार्यकर्त्यांच्या अनुभवास आले. त्यामुळे ओव्यांचा संग्रह हे केवळ लोकसाहित्याचे संकलन राहिले नाही. स्त्रियांनी आपल्या जगण्याचा अर्थ स्वतः कसा लावला आहे, हे त्यांच्याच शब्दांत समजून घेण्याचे ते साधन झाले. गावांतील स्त्री कार्यकर्त्या आपल्या नात्यागोत्यातील व परिचयातील स्त्रियांकडे जाऊन ओव्या ऐकत आणि त्या वह्यांमध्ये उतरवून घेत. गोळा करणाऱ्यांपैकी अनेकींना या ओव्या लहानपणापासून परिचित होत्या. मुळशीतून सुरू झालेले हे काम नंतर राज्याच्या इतर भागांत, मराठवाड्यापर्यंत पसरले.

राईरकर व प्वातवाँ यांनी या सामग्रीवर आधारित लेखन केले. त्यांचा 'स्टोनमिल अँड भक्ती' (१९९६) हा इंग्रजी ग्रंथ जात्यावर गाणाऱ्या शेतकरी स्त्रियांच्या भक्तीचे विवेचन करतो.

## ध्वनिमुद्रण आणि माहितीसंच

संग्रहाच्या पहिल्या टप्प्यात भर लेखनावर होता. १९९०च्या दशकाच्या मध्यास बर्नार्ड बेल प्रकल्पात आले, तेव्हा दोन कामे बरोबरीने सुरू झाली. पहिले काम गावोगावी जाऊन स्त्रियांच्या आवाजात ओव्या मुद्रित करण्याचे, तर दुसरे लिखित ओव्या, गायिका, गाव आणि मुद्रण यांना एकमेकांशी जोडणारा संगणकीय माहितीसंच तयार करण्याचे होते.

ध्वनिमुद्रणासाठी त्या काळी प्रचलित असलेल्या डिजिटल ऑडिओ टेपचा वापर करण्यात आला. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या ७ एप्रिल १९९६ रोजी मुद्रित झाल्या. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्यांचे मुद्रणही त्याच महिन्यात झाले. १९९३ ते १९९८ या काळात प्रकल्पाला युनेस्को, नेदरलँड्सचे विकास सहकार्य मंत्रालय आणि स्वित्झर्लंडमधील शार्ल लिओपोल्ड मायर प्रतिष्ठान यांचे आर्थिक साहाय्य मिळाले.

माहितीसंचात प्रत्येक ओवीला स्वतंत्र क्रमांक असून ती देवनागरीत नोंदवलेली आहे. तिच्यासोबत गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव, तालुका व जिल्हा यांची नोंद आहे. यामुळे एखाद्या गावातील सर्व ओव्या, एखाद्या स्त्रीच्या सर्व ओव्या किंवा एका विषयावरील निरनिराळ्या प्रदेशांतील ओव्या शोधता येतात. केवळ ध्वनिफितींचा साठा असता तर असा शोध शक्य झाला नसता.

### विषयानुसार वर्गीकरण

राईरकर व प्वातवाँ यांनी ओव्यांचे आशयानुसार तपशीलवार वर्गीकरण केले. त्यातील काही ठळक विषय पुढीलप्रमाणे आहेत:

* दळणाचे श्रम, जाते आणि दळणाची सोबतीण
* आई-मुलगी, भाऊ-बहीण, आई-मुलगा यांचे नाते
* सासुरवास, विवाह, अपत्यहीनता आणि वैधव्य
* सीतेचा वनवास आणि रामकथेतील अन्य प्रसंग
* विठ्ठल, पंढरपूर, वारी आणि संत
* पाऊस, शेती आणि गुरेढोरे
* डॉ. बाबासाहेब आंबेडकर, बौद्ध धम्म आणि जातिव्यवस्था

रामकथेवरील ओव्यांत रामाच्या पराक्रमापेक्षा सीतेचे दुःख अधिक जागा व्यापते. गर्भवती पत्नीला वनात धाडणाऱ्या रामाला जाबही विचारला जातो. आंबेडकरांवरील ओव्या मुख्यत्वे पूर्वाश्रमीच्या महार समाजातील बौद्ध स्त्रियांनी रचल्या. जुन्या छंदात आणि जुन्या गळ्यावर विसाव्या शतकातील सामाजिक परिवर्तनाचा आशय बसवला गेला, हे या ओव्यांवरून दिसून येते. परंपरा गोठलेली नव्हती, तर जाते फिरत होते तोवर तिच्यात नवी भर पडत होती.

## जतन आणि स्थलांतर

मूळ सामग्री प्रथम हरियाणातील गुरुग्राम येथील 'आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' या अभिलेखागारात ठेवण्यात आली. 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज' या संस्थेचा भाग असलेले हे केंद्र संगीतशास्त्रज्ञ नाझीर जैराजभॉय यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये पुण्यात स्थापन झाले होते आणि नंतर ते दिल्ली परिसरात हलवले गेले. परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेली ध्वनिमुद्रणे त्यांच्याबरोबर परदेशी जात आणि ती भारतातील कलावंतांना वा अभ्यासकांना उपलब्ध नसत. अशा मुद्रणांच्या प्रती भारतात ठेवणे हा या केंद्राच्या स्थापनेमागील एक प्रमुख हेतू होता.

पुढे बेल यांनी प्रकल्पाची सामग्री फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हांस येथील भाषिक व ध्वनिविषयक सामग्रीच्या भांडारात नेली. खुल्या अभिलेखीय माहितीप्रणालीसाठी तेथे या माहितीसंचाचा नमुना म्हणून उपयोग करण्यात आला.

चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असते. उष्णता, दमटपणा व बुरशी यांमुळे ती खराब होते. त्याहूनही मोठा धोका ती वाजवणारी यंत्रे बाजारातून नाहीशी होण्याचा असतो. डिजिटल ऑडिओ टेपचे तेच झाले. त्यामुळे ध्वनिसंग्रहाच्या जतनात मूळ फित सांभाळण्याबरोबर ध्वनीचे असंपीडित डिजिटल धारिकांत रूपांतर करणे, त्यांच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे आणि ठरावीक काळाने नव्या माध्यमावर उतरवणे यांचा समावेश होतो. मुद्रणासोबतची माहिती हरवल्यास आवाज शिल्लक राहूनही तो कोणाचा व कुठला, हे सांगता येत नाही.

## 'पारी'कडे हस्तांतर

पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने २०१६ मध्ये हा प्रकल्प स्वीकारला आणि २०१७ पासून ओव्या आंतरजालावर प्रकाशित करण्यास सुरुवात केली. लेखिका नमिता वाईकर यांच्याकडे प्रकल्पाचे नेतृत्व असून, मूळ प्रकल्पात राईरकर व प्वातवाँ यांच्यासोबत काम केलेले जितेंद्र मैड आणि भाषांतरकार आशा ओगले यांचा त्यात सहभाग राहिला आहे.

प्रत्येक प्रकाशित भागात ओव्यांचे ध्वनिमुद्रण, मराठी संहिता, भाषांतर आणि गायिकेचा परिचय असतो. काही गावांना कार्यकर्त्यांनी सुमारे दोन दशकांनंतर पुन्हा भेटी दिल्या आणि हयात असलेल्या गायिकांचे चलच्चित्रण केले. मुळात प्रामुख्याने श्राव्य असलेला हा संग्रह त्यामुळे दृक्‌श्राव्य झाला. गाताना होणाऱ्या हातांच्या हालचाली, जात्याभोवती बसण्याची रीत आणि एकीने थांबताच दुसरीने ओवी उचलण्याचा क्षण चित्रणातून पाहता येतो.

## गायिकांची नावे आणि हक्क

या प्रकल्पाचे वेगळेपण म्हणजे त्यात गायिका निनावी राहिलेली नाही. 'पारी'वरील नोंदींत तिचे नाव, गाव, जात, वय, अपत्ये आणि व्यवसाय यांची माहिती दिलेली असते. ज्या स्त्रियांची नावे गावाबाहेर क्वचितच कोणाला ठाऊक असत, त्यांची नोंद येथे कलाकार म्हणून झाली आहे.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंतांच्या हक्कांना स्वतंत्र मान्यता दिली. परंपरागत गीताचा मूळ कर्ता ठरवणे शक्य नसले, तरी विशिष्ट वेळी ते गाणाऱ्या व्यक्तीचा त्या सादरीकरणावर हक्क असतो, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात आले. जात्यावरच्या ओवीच्या बाबतीत संमतीचा प्रश्न अधिक नाजूक ठरतो. ती मुळात श्रोत्यांसाठी गायिली जात नव्हती. सासर-माहेरविषयी अंधारात, मैत्रिणीजवळ काढलेले ते उद्गार होते. ते सर्वांना खुले करताना गायिकेचा मान राखणे आणि मुद्रण तिच्या कुटुंबापर्यंत व गावापर्यंत परत पोहोचवणे, ही संग्राहकाची जबाबदारी मानली जाते.

## मर्यादा

संग्रहातील सर्व ओव्यांचे ध्वनिमुद्रण झालेले नाही. बहुसंख्य ओव्या केवळ लिखित स्वरूपात आहेत आणि त्यांचे गळे मिळणे आता कठीण आहे. मुद्रणांच्या वेळीही अनेक घरांत रोजचे दळण थांबलेले होते. त्यामुळे काही ओव्या प्रत्यक्ष दळणाऐवजी संग्राहकांच्या विनंतीवरून, आठवून गायिलेल्या आहेत.

ध्वनिसंग्रह ओवी टिकवतो; ओवी रचली जाण्याची परिस्थिती तो टिकवू शकत नाही. जात्याचे श्रम परत यावेत, अशी अपेक्षाही ग्रामीण स्त्रिया करीत नाहीत. गिरणीमुळे त्यांची पहाटेच्या कष्टांतून सुटका झाली. ओवी आज मुख्यतः विवाहविधींत ऐकू येते. हळद दळताना जात्याची पूजा करून सुवासिनी ओव्या म्हणतात. मात्र विधीपुरत्या म्हटल्या जाणाऱ्या या ओव्यांत रोजच्या दळणातील विषयांची विविधता नसते.

## तुलनात्मक संदर्भ

इंडोनेशियातील जावा व बाली या बेटांवरील प्रयोगकलांच्या जतनाचा इतिहास याच प्रश्नांकडे लक्ष वेधतो. १९२८ मध्ये ओडियन व बेका या जर्मन कंपन्यांनी बालीतील गामेलान वादन व गायन तबकड्यांवर मुद्रित केले. या तबकड्या बालीत फारशा खपल्या नाहीत आणि जगभरातील संग्रहांत विखुरल्या गेल्या. कॅनडात जन्मलेले संगीतकार कॉलिन मॅकफी यांनी त्यांपैकी काही जपून ठेवल्या. अनेक दशकांनंतर अमेरिकी संगीतशास्त्रज्ञ एडवर्ड हर्ब्स्ट यांनी बाली येथील सहकाऱ्यांसह त्या शोधून बालीतील कलावंतांना परत उपलब्ध करून दिल्या. जावातील संगीताचे विस्तृत मुद्रण डच संगीतशास्त्रज्ञ याप कुन्स्ट यांनी मेणाच्या नळकांड्यांवर केले होते.

जावा-बालीतील गामेलान आणि वायांग या कलांना आजही राजाश्रय, देवालये, कलाशाळा व प्रेक्षक आहेत. जुनी मुद्रणे तेथे शिकण्यासाठी व पुनर्रचनेसाठी वापरता येतात. जात्यावरच्या ओवीला रंगमंच नाही आणि शिकवणारी संस्थाही नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत ध्वनिसंग्रहाचे स्थान अधिक मध्यवर्ती आहे.

महाराष्ट्रात मुंबईचे राष्ट्रीय प्रयोगकला केंद्र (स्थापना १९६९) आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) या संस्थांकडेही दृक्‌श्राव्य सामग्री जतन केलेली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंत परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेचे संग्रहालय उभारले असून त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. परंपरेच्या वारसदारांनी स्वतःच्या गावात संग्रह सांभाळण्याचे हे उदाहरण आहे.

## हेही पहा

* ओवी
* जाते
* बहिणाबाई चौधरी
* संत जनाबाई
* चित्रकथी